आवाजाचं मी बघते

एकोणीसशे चौऱ्याहत्तर साल होतं. रेडिओ तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्या माणसासारखा असायचा. कपाटावर मानाची जागा, अंगावर भरतकामाचं झाकण, आणि तो बोलू लागला की बाकीच्यांनी गप्प बसायचं. शुक्रवारी संध्याकाळी श्रुतिका लागायची. तेवढा वेळ भांडखोर शेजारीसुद्धा भांडण अर्धवट टाकून आपापल्या घरात जायचे आणि श्रुतिका संपली की जिथे सोडलं तिथून पुढे सुरू करायचे.

त्या श्रुतिकेत दार करकरलं, चिठ्ठी फाटली, घोडा दौडला, कुणी जिन्यावरून गडगडत खाली आलं, की ते सगळं एका बाईंचं काम असायचं. रेडिओ केंद्रात त्यांना खटपटताई म्हणत. स्टुडिओच्या कोपऱ्यात त्यांचा संसार मांडलेला होता. खडीचा ट्रे, वाळूचा ट्रे, वाळक्या पानांचं पोतं, ढगांच्या गडगडाटाचा पत्रा, बुटांचे नाना जोड, आणि लाकडी चौकटीत बसवलेलं एक बुटकं दार. त्या दाराला कडी, साखळी, खिट्टी, कुलूप असं सगळं होतं. फक्त त्यातून कुठे जाता येत नव्हतं. "गरिबाचं दार आणि श्रीमंताचं दार एकाच कडीवर वाजवून दाखवते," असं ताई म्हणायच्या, आणि दाखवायच्याही. गरिबाच्या दाराला घाई असते, श्रीमंताच्या दाराला वजन.

श्रुतिका थेट जायची. आधी ध्वनिमुद्रित करून ठेवायला निर्मात्यांचा सक्त विरोध. "चुकायची सोय केली की माणूस चुकतोच," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्यामुळे लाल दिवा लागायच्या आधी झडती व्हायची. झडतीची पद्धत ताईंनीच पाडलेली. चपला, किल्ल्या, सुटी नाणी बाहेर ठेवायची. कडक इस्त्रीचे कपडे घालून आलेल्याला आल्या पावली परत पाठवायचं, कारण तो हलला की कागद चुरगळल्यासारखा आवाज येतो. मग सगळ्यांनी पुतळ्यासारखं उभं राहायचं आणि ताई डोळे मिटून एकेकासमोरून जायच्या. कुणाचं पोट गुरगुरतंय, कुणाचा पडका दात शीळ घालतोय, सगळं त्यांना ऐकू यायचं. ज्याच्याकडे बोट गेलं तो बाहेर. तिथे अपील नव्हतं.

एक जुने नट होते. गडी असा की नुसतं "बरं आहे ना?" म्हणाला तरी ऐकणाऱ्या बाईच्या डोळ्यांत पाणी यावं. पण दम्यानं त्यांची छाती सूं सूं वाजू लागली, तेव्हा ताईंचं बोट त्यांच्याकडेही गेलं.

"काका, तुमच्या छातीत लोहाराचा भाता बसलाय. लोकांना वाटेल आपली सगळी नाटकं लोहारखान्यातच घडतात."

सगळे हसले. तेव्हापासून त्यांचं नाव भातेकाका पडलं आणि ते दुपारचे बाजारभाव वाचायला लागले. कांदे आणि बटाटे ते इतक्या कळवळून वाचत की भाजी विकत घेण्यापेक्षा तिचं सांत्वन करावंसं वाटे.

त्याच वर्षीच्या एका शुक्रवारी ताईंना खडीवर पळायचं होतं. श्रुतिकेतला कैदी तुरुंग फोडून पळत होता. ताई खडीच्या ट्रेमध्ये उभ्या राहून जागच्या जागी पळू लागल्या आणि अचानक छातीवर कुणी दगड ठेवावा तसं झालं. श्वास वर येईना, डोळ्यांपुढे काजवे. कैदी तर अजून भिंतीपर्यंतही पोचला नव्हता. ताई गुडघ्यांवर बसल्या, पायातले बूट काढले, हातात घातले आणि हातांनी पळायला लागल्या. कैदी सुटला. लाल दिवा विझला आणि ताई खडीवर आडव्या झाल्या.

लहानपणी त्यांना एकदा ताप येऊन सांधे धरले होते. घरचे ते कधीच विसरले होते. काळीज विसरलं नव्हतं.

"हृदयातली एक झडप आखडली आहे," शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर म्हणाले. उंच, किरकोळ, शिंप्यासारख्या लांब बोटांचा माणूस. "म्हणजे एक दार आहे समजा. ते पुरतं उघडत नाही आणि पुरतं मिटतही नाही."

"करकरतं का?" ताईंनी विचारलं.

डॉक्टर म्हणाले, "हो. ऐकणाऱ्याला तसंच वाटतं."

"मग मला ऐकू द्या."

डॉक्टरांनी छाती तपासायची आपली नळी त्यांच्या कानांत दिली. ताईंनी डोळे मिटले. बराच वेळ झाला तशी बाहेरची रांग चुळबुळू लागली. मग डोळे उघडून त्या म्हणाल्या, "बिजागरी गेलेली दिसते."

ताईंचे यजमान पाणीपुरवठ्याच्या पंपघरात होते. आयुष्य पाइप, तोट्या आणि व्हॉल्व्हमध्ये गेलेलं, त्यामुळे हा विषय आपलाच आहे अशी त्यांची समजूत झाली. डॉक्टरांना त्यांनी गॅस्केटबद्दल विचारलं. प्रेशर किती असतं ते विचारलं. नवीन व्हॉल्व्ह कुठल्या बनावटीचा, सुटे भाग मिळतात का, हेही विचारलं. ताई त्यांना कोपरानं ढोसत होत्या.

"अहो, पुरे. ते काय नळ बसवतायत का?"

"अगं, तत्त्व एकच. चालू लाइनवर व्हॉल्व्ह बदलता येत नाही, एवढं मला कळतं. का हो डॉक्टर?"

"बरोबर आहे तुमचं," डॉक्टर म्हणाले. "हृदय आम्ही थांबवतो. तेवढा वेळ रक्त यंत्रातून फिरवतो."

  दवाखान्याचा जिना उतरताना यजमान मध्येच थांबून कठड्याला धरून म्हणाले, "आम्ही लाइन बंद करतो ना, तेव्हा आधी लोकांना सांगतो. पाणी भरून ठेवा म्हणून. मी काय भरून ठेवू?"

 "डबे भरून ठेवा," ताई म्हणाल्या. "वन्सं येणार आहेत."

झडपा दोन प्रकारच्या होत्या. पुढच्या भेटीत डॉक्टरांनी टेबलावर एक नमुना ठेवला. धातूचा चिमुकला पिंजरा आणि त्यात बोराएवढी गोळी. रक्त आलं की गोळी उचलायची, गेलं की खाली बसायची. ताईंनी सवयीनं तो उचलला आणि कानाजवळ नेऊन हलवला. टिक्.

"हा वाजतो," त्या म्हणाल्या.

"थोडासा. काहींना ऐकू येतो, काहींना नाही. सवय होते."

"मला सवय होऊन काय उपयोग? माइकला व्हायला पाहिजे."

डॉक्टरांना त्यांचं काम ठाऊक होतं. शुक्रवारी तेही रेडिओला कान लावून बसत. ते हळू आवाजात म्हणाले, "दुसरी झडप जनावराच्या पडद्याची असते. ती वाजत नाही. रक्त पातळ करायच्या गोळ्याही जन्मभर घ्याव्या लागत नाहीत. पण ती नवीनच निघाली आहे. किती टिकेल ते मी आज सांगू शकत नाही. कदाचित काही वर्षांनी पुन्हा उघडावं लागेल."

"आणि ही?"

"ही मात्र चिवट आहे. पंधरा वर्षं तरी मी छातीठोकपणे सांगतो."

"आणि त्याच्या पुढे?"

"त्याच्या पुढे मीच म्हातारा झालेला असेन."

घरी वन्संनी, म्हणजे यजमानांच्या थोरल्या बहिणीनं, आल्या आल्या निकाल देऊन टाकला. "न वाजणारीच घे. बाईमाणसानं कसं आवाज न करता राहावं. आणि नोकरीचं एवढं काय मेलं? दाराच्या कड्या वाजवायला पगार देतात ह्यांना! आमच्या घराच्या कड्या मी जन्मभर फुकट वाजवल्या."

 ताई मात्र रात्रभर दोन्ही पारड्यांत वजन घालत राहिल्या. न वाजणारी घेतली तर स्टुडिओ राहतो, पण सुरी डोक्यावर टांगती राहते. वाजणारी घेतली तर आयुष्य राहतं, पण आयुष्यभर जे काम केलं त्याच कामाच्या दारात आपण आपल्याच झडतीत पकडले जाणार. सकाळी उठून त्यांनी दात घासले, केस विंचरले आणि डॉक्टरांकडे जाऊन सांगितलं, "चिवट बसवा. मला पुन्हा तुमच्या टेबलावर यायची हौस नाही."

"आणि आवाजाचं काय?"

"आवाजाचं मी बघते. ते माझं काम आहे. तुम्ही तुमचं नीट करा."

शस्त्रक्रियेआधी त्यांना दातांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. दातातला पू रक्तात उतरला तर नवी झडप नासते म्हणे. दोन दाढा गेल्या. "छातीचं काम काढलंय आणि सुरुवात तोंडापासून," ताई कुरकुरल्या. मग फुप्फुसांचा व्यायाम. दोन बाटल्या, मध्ये नळी, एका बाटलीतलं पाणी फुंकून दुसऱ्या बाटलीत घालायचं. बाकीचे रोगी कंटाळून फुंकायचे. ताई कान देऊन फुंकायच्या आणि शेजारच्या खाटेवरच्या बाईला म्हणायच्या, "ऐका, ऐका. होडी बुडताना हा आवाज झकास बसेल."

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी निर्माते फुलं घेऊन आले. मऊ माणूस, पण मऊ उशीखाली सुरी ठेवणारा. "ताई, आता दगदग पुरे. रेकॉर्डच्या खोलीत तुमच्यासाठी जागा करून ठेवतो. खुर्ची आहे, पंखा आहे."

"साहेब, माझी जागा कोपऱ्यात आहे. माझ्या वस्तूंना कुणी हात लावायचा नाही, एवढं बघा."

नेमकं तेच कुणी बघितलं नाही.

ताई शुद्धीवर आल्या तेव्हा घशात नळी होती, बोलता येत नव्हतं, आणि खोलीत कुठेतरी एक घड्याळ वाजत होतं. टिक्, टिक्, टिक्. त्यांना भयंकर राग आला. आजारी माणसाच्या उशाशी घड्याळ कुणी ठेवतं का? त्यांनी परिचारिकेला हातानं खुणा केल्या. भिंतीकडे बोट, मनगटाकडे बोट, मग "हे बाहेर काढा" म्हणून झडतीतली ती ओळखीची खूण.

परिचारिका वाकून म्हणाली, "इथे घड्याळ नाहीये, बाई."

ताईंचं बोट हवेतच थांबलं. मग हळूहळू वळून त्यांच्याच छातीवर आलं.

नंतरचे दिवस कुणी कुणाला सांगत नाही तसले होते. खोकला आला की उशी छातीशी कवटाळायची, नाही तर तारेनं शिवलेलं हाड आतून बोंबलतं. कुशीवर झोपायचं नाही. पाण्याचा तांब्यासुद्धा उचलायचा नाही. गोळ्यांमुळे नुसतं खाटेला हात लागला तरी निळंजांभळं व्हायचं. पण ह्या सगळ्यापेक्षा वाईट म्हणजे मनच बसलं. घरी आल्यावर ताई भिंतीकडे तोंड करून बसायच्या. समोर ताट आलं की दोन घास आणि बाजूला. वन्सं पहाऱ्याला बसल्यासारख्या बसत. "जेव." "नको." "जेव म्हणते ना!" "वन्सं, भूकच नाही." डॉक्टर म्हणाले, असं होतं, दिवस जाऊ द्या. पण दिवस जात होते आणि ताई माणसांत येत नव्हत्या.

शेवटी यजमानांनी त्यांना बरं वाटावं म्हणून सगळ्यांत आनंदाची बातमी सांगितली. "अगं, एक सांगायचंच राहिलं. तू आत होतीस ना, तेव्हा मला बसवेना. हात रिकामे कसे ठेवायचे? म्हणून रेडिओ केंद्रावर गेलो. तुझं ते दार बघितलं. केवढं करकरत होतं! बिजागऱ्या उघडल्या, घासल्या, आपलं पंपाचं तेल घातलं. आता बघ, लोण्यासारखं फिरतं. आवाज म्हणून नाही."

 फक्त ताईंची छाती वाजत होती, आणि ती भराभर वाजायला लागली.

"तेल घातलंत?"

"हो, चांगलं..."

"माझ्या दाराला? अहो, ती करकर कमवायला मला वर्षं लागली! मिठाचं पाणी घालून घालून गंज चढवला होता मी. वाड्यातलं भूत त्या दारानं येत होतं, परागंदा मुलगा त्या दारानं घरी येत होता. आता काय लोण्यातून येणार?" ताई उठून उभ्या राहिल्या. आधार न घेता. "पंपघरातल्या माणसाला बायकोचं दार दिसलं की लगेच तेलाचा डबा! विचारायचं तरी!"

"मला वाटलं, एक तरी बिजागरी मी नीट करावी," यजमान खाली मान घालून म्हणाले.

 ताई स्वयंपाकघरात गेल्या, स्वतःच्या हातानं ताट वाढून घेतलं आणि रागारागानं सगळं जेवल्या. वन्सं दारात उभ्या राहून बघत होत्या. "तेलानं भूक लागते हे आधीच सांगितलं असतंस तर आम्हीच तेल घातलं असतं," त्या पुटपुटल्या.

त्या दिवसापासून गाडी रुळावर आली. ताई रोज गल्लीच्या टोकापर्यंत, मग वळणापर्यंत, मग वळणाच्या पुढे चालायला लागल्या. वन्सं मागून छत्री घेऊन. यजमानांच्या झोपेची काळजी ताईंना होती. उशीला उशी लागून ही टिकटिक. "तुम्हाला जाग येत असेल."

"छे. पंप चालू असला की मला झोप लागते," यजमान म्हणाले. "आवाज बदलला तर जाग येते. नोकरीच तशी आहे."

डॉक्टरांनी कामाला जायची परवानगी दिली त्या शुक्रवारी ताई स्टुडिओत गेल्या. चपला बाहेर काढल्या. सगळे नट रांगेत उभे राहिले. ताईंनी नेहमीसारखे डोळे मिटले आणि झडती सुरू केली. पहिल्यासमोर थांबल्या. टिक् टिक्. दुसऱ्यासमोर. टिक् टिक्. रांगेच्या शेवटापर्यंत तेच. कुणी हसलं नाही, कुणी खाकरलं नाही. ते हसले असते तर बरं झालं असतं.

"ताई," निर्माते म्हणाले, "पद्धत तुमचीच आहे."

ताई त्या दिवशी बाहेर गेल्या. बाकावर बसून त्यांनी आतली श्रुतिका ऐकली. त्यांच्या जागी कुणीतरी बूट वाजवत होतं, आणि श्रुतिकेतली नाजूक नायिका पोलिसासारखी चालत होती.

दुसऱ्या दिवशी त्या निर्मात्यांच्या खोलीत. "साहेब, येत्या शुक्रवारी गोष्ट कुठे घडते?"

"घरात. दिवाणखान्यात."

"दिवाणखान्यात घड्याळ नसतं?"

 "असतं."

"मग झालं. घड्याळ मी."

आणि खरंच झालं. दिवाणखान्यात घड्याळ वाजलं. पुढच्या शुक्रवारी कचेरीत वाजलं, त्याच्या पुढच्या शुक्रवारी शाळेत. लेखक कुरकुरायला लागले. एकानं मुद्दाम जंगलातली गोष्ट लिहून आणली. ताईंनी शिकाऱ्याच्या खिशात घड्याळ घातलं. दुसऱ्यानं समुद्रावर नेली. कप्तानाकडे घड्याळ नसेल तर होडी चालेल कशी? तिसऱ्यानं राजेरजवाड्यांच्या काळातली आणली, तेव्हा ताईंनी छपरातून पाणी टिपकवलं. "राजाचं छपर गळत नाही," लेखक ओरडला. "कर बुडला की गळतं," ताई म्हणाल्या.

पण एक घोटाळा कुणाच्याच लक्षात आला नव्हता. तो वन्संच्या आला. एका शुक्रवारी ताई घरी आल्या तर वन्सं कमरेवर हात ठेवून उभ्या. "मुलगा मुलीला मागणी घालतो तेव्हा घड्याळ धावायला का लागतं गं?"

"कुठे धावतं?"

"अगदी धावत होतं. ती 'हो' म्हणाली तसं हळू झालं. तू तिथे धावपळ करतेस, खरं सांग!"

ताईंनी कपाळाला हात लावला. मागणीच्या प्रसंगाला त्यांना पाऊस, टांगा आणि पेला फुटणं एकामागून एक करायचं होतं. छाती धावणारच. आठवड्याभरात शहरातल्या एका घड्याळजीनं केंद्राला फोन करून सांगितलं की तुमचं घड्याळ भावनाप्रधान आहे, दुरुस्तीला घेऊन या. निर्मात्यांचा संयम संपला.

"बास, ताई. येत्या शुक्रवारची संहिता वाचलीत? बंडाच्या काळातली गोष्ट. भाऊ फरार आहे, बहिणीनं त्याला कपाटात लपवलंय. शिपाई घर शोधतात. तिथे दोन मिनिटं एक शब्द नाही. फक्त बूट, आणि शांतता. कपाटात घड्याळ घालणार आहात तुम्ही? सोमवारपासून रेकॉर्डची खोली. मी वरून मंजुरी आणली आहे."

"सोमवार शुक्रवारनंतर येतो," ताई म्हणाल्या. "शुक्रवार माझा आहे. आणि कपाटात घड्याळ नको. कपाटात माणूस आहे, त्याला काळीज असेल ना?"

"माणसाचं काळीज असं वाजत नाही."

"माझं वाजतं. आणि मी माणूसच आहे, साहेब."

निर्मात्यांनी संहिता पुन्हा उघडली. ताईंनी तेवढ्यात दुसरं मागणं पुढे सरकवलं. "कपाटातला भाऊ भातेकाकांना द्या."

"त्यांची छाती वाजते! तुम्हीच तर..."

"मीच. कपाटात कोंडलेल्या माणसाला धाप लागत नाही? मला तेव्हा कळलं नव्हतं, आता कळलंय."

भातेकाकांना ताईंनी बाजारभावांच्या खोलीत गाठलं. त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि आधी मनसोक्त हसून घेतलं. "काय गं खटपटे? मला भाता म्हणालीस. तू तर सबंध घड्याळाचं दुकान निघालीस!"

"हसा. मग संहिता घ्या."

शुक्रवारी झडती झाली नाही. ताई म्हणाल्या, आज राहू दे. लाल दिवा लागला. बहिणीनं भावाला कपाटात ढकललं. ताईंच्या दाराचा गंज अजून पुरता परतला नव्हता, कपाट आवाज न करता मिटलं. बाहेरच्या दारावर लाथ बसली. मग ताई गुडघ्यांवर बसल्या, शिपायाचे जड बूट हातात घातले आणि बुटका माइक ओढून थेट आपल्या छातीशी घेतला. काचेपलीकडे निर्माते उभे राहिले. ताईंनी त्यांच्याकडे बघितलंच नाही.

बूट खोलीत फिरू लागले. ठक्. ठक्. थांबले. कपाटात भातेकाकांचा भाता, बारीक, दाबलेला, सूं... सूं... आणि त्याच्या आत, अगदी कानाशी, टिक्, टिक्, टिक्. बूट जवळ आले. टिकटिक वाढली. ती ताईंनी वाढवली नव्हती, ती वाढवता येत नाही. वजनदार बूट, ताणलेलं हाड, आणि आज चुकलं तर सोमवार, हे सगळं मिळून ती धावत होती. बूट कपाटासमोर थांबले. धाप थांबली. कपाटातला माणूस श्वास धरून उभा होता, आणि त्याचं काळीज काही केल्या त्याचं ऐकत नव्हतं.

घरी रेडिओसमोर वन्सं उठून उभ्या राहिल्या. "धावतेय ती! डॉक्टरांनी सांगितलंय धावू नको म्हणून!"

"गप्प बस, अक्का," यजमान म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच ते थोरल्या बहिणीला असं बोलले. ते रेडिओच्या जाळीला कान लावून बसले होते. "पंप व्यवस्थित आहे. लोड आहे, पण व्यवस्थित आहे."

बूट वळले. लांब गेले. जिना उतरले. टिकटिक हळूहळू, फार हळूहळू खाली बसली.

दिवा विझला. मग भातेकाका कपाट म्हणून उभ्या केलेल्या फळीमागून बाहेर आले आणि ताईंच्या हातांतले बूट काढायला वाकले. दोन्ही हात मनगटापर्यंत जांभळे झाले होते. निर्माते आत आले, रुमालानं कपाळ पुसत. "पुढच्या शुक्रवारी," ते म्हणाले, "गोष्ट आगगाडीत घडते. काय करणार आहात?"

"रूळ," ताई म्हणाल्या.

घरी गेल्यावर वन्संनी दारातच पकडलं. "किती धावलीस?"

"एक पाऊलसुद्धा नाही, वन्सं. गुडघ्यावर बसून होते. बूट हातात होते."

"हातांनी का होईना, धावलीसच ना?" वन्सं म्हणाल्या, आणि थंड पाण्याच्या पट्ट्या घेऊन ताईंचे हात मांडीवर घेऊन बसल्या.

ताई नोकरीच्या शेवटच्या दिवसापर्यंत त्याच कोपऱ्यात राहिल्या. झडती मात्र पुन्हा कधी झाली नाही. निर्माते पुढे मोठ्या पदावर गेले आणि त्यांच्या डोळ्यांदेखत श्रुतिका ध्वनिमुद्रित होऊ लागल्या. म्हातारपणी त्यांच्या कानात यंत्र आलं, ते मधूनच शीळ घालायचं. ताई भेटल्या की म्हणत, "साहेब, झडतीत पहिलं बोट तुमच्याकडे." भातेकाकांना त्या शुक्रवारनंतर कामाची कमतरता पडली नाही. धापा टाकणारे, लपणारे आणि मरणारे सगळे त्यांच्याकडे यायचे. रेडिओवर ते इतक्या वेळा मेले की खरोखर गेले तेव्हा बऱ्याच लोकांनी शुक्रवारपर्यंत वाट बघितली. वन्सं आपल्या घरी परत गेल्या, जाताना ताईंचा जुना रेडिओ मागून घेऊन गेल्या. आपण श्रुतिका ऐकतो हे त्यांनी कधीच कबूल केलं नाही, पण घड्याळ जास्त धावलं की शनिवारी हमखास त्यांचा फोन यायचा. बुटक्या दारावर गंज पुन्हा चढला आणि ते केंद्राच्या गोदामात अजून करकरतं असं सांगतात.

यजमान ताईंच्या आधी गेले. शेवटच्या दिवसांत त्यांना फारसं दिसत नव्हतं. ते ताईंना म्हणायचे, "जरा अलीकडे सरक. पंप ऐकू येत नाही." ताई सरकायच्या.

आणि डॉक्टर. त्यांनी छातीठोकपणे सांगितलेली पंधरा वर्षं केव्हाच मागे पडली होती. ते म्हातारे झाले, बोलल्याप्रमाणे, आणि एक दिवस गेले. शोकसभेला मोठं सभागृह भरलं होतं. ताई मागच्या रांगेत, काठी घेऊन. भाषणं झाली. मग सगळ्यांना दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायला सांगितलं. सभागृह शांत झालं आणि त्या शांततेत एक घड्याळ वाजू लागलं. लोकांनी माना न वळवता भिंती शोधल्या. भिंतीवर घड्याळ नव्हतं. शेजारचा एक तरुण डॉक्टर त्रासून ताईंच्या पर्सकडे बघायला लागला.

ताईंनी पर्स उचलून खुर्चीवर ठेवली, काठी सोडली, छाती पुढे काढून ताठ उभ्या राहिल्या, आणि वाजू दिलं.